आफ्रो-लॅटिन संगीत, मराठी मुलखातील

आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी क्युबा, ब्राझील, त्रिनिदाद आणि भोवतालच्या प्रदेशांत, स्पॅनिश व पोर्तुगीज सुरावटींशी मेळ घालत घडवलेले संगीत. रुंबा, मांबो, चा-चा-चा, सांबा ही त्याची ठळक रूपे. मराठी मुलखात आफ्रिकेचा ताल दोन वाटांनी आला. एक वाट अरबी समुद्र ओलांडून सिद्दी लोकांबरोबर थेट आली. दुसरी हवाना, न्यूयॉर्क, लंडन असा वळसा घालून मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात पोहोचली. थेट आलेले संगीत दर्ग्यांच्या अंगणात राहिले आणि वळसा घालून आलेले घरोघरी गेले. म्हणून या नोंदीत दोन्ही वाटा एकत्र घेतल्या आहेत.

छत्रपती संभाजीनगर हे शहर मुळात एका आफ्रिकी माणसाने वसवले. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता झालेला मलिक अंबर याने १६१० मध्ये याच जागी, तेव्हाच्या खडकी येथे, राजधानी उभारली. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे. त्याच्यासारखे अनेक हबशी दख्खनेत सैनिक आणि सरदार झाले. त्याच काळात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून माणसे भरलेली जहाजे अमेरिका खंडाकडे जात होती. तिकडे गेलेल्यांच्या वाट्याला उसाचे मळे आले. क्युबात गुलामी १८८६ मध्ये संपली, ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये. एवढ्या दीर्घ छळातही त्यांनी आपले ताल जपले, ही जगाच्या संगीत-इतिहासातील फार मोठी गोष्ट आहे.

क्युबातील तालाचा कणा म्हणजे क्लावे. दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून तो वाजवतात. त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टाळी द्या. पहिल्या अर्ध्यात तीन आघात आणि दुसऱ्यात दोन. त्रितालात टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर येतात, नवव्या मात्रेवर खाली असते. क्लावेच्या टाळ्या बहुतेक आडच्या जागी पडतात, म्हणून अंग आपोआप हलू लागते. दांडक्या प्रत्यक्ष वाजत नसल्या तरी मेळातला प्रत्येक वादक हे आवर्तन मनात धरून असतो. तालाचे आवर्तन मनात धरून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या आपल्या कलावंताला ही शिस्त परकी नाही, आणि हे संगीत इथे चटकन रुजण्याचे कारण मला त्यातच दिसते.

रुजवणाऱ्यांत पहिले नाव रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र (१९१८–१९८२) यांचे. जन्म गोदाकाठच्या पुणतांब्याचा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गायनाचे शिक्षण, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमची साथ, आणि मग मास्टर भगवान यांच्या चित्रपटांना संगीत. ‘शहनाई’ (१९४७) मध्ये त्यांनी गिटार, माउथऑर्गन, सॅक्सोफोन आणि शीळ एकत्र आणली. ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ या गाण्याची चाल कार्मेन मिरांडा यांनी ‘डॉल फेस’ (१९४५) या हॉलिवूडपटात गायलेल्या पोर्तो रिकोवरच्या एका गाण्यावरून घेतलेली आहे. ते मूळ गाणेही हॉलिवूडच्या गीतकारांनी रचलेले होते, म्हणजे पडद्यावरचे पोर्तो रिको अस्सल नव्हते. पण चाल मुंबईत आली, लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या गळ्यांतून गेली आणि वेगळीच झाली. उसनवारीचा ठपका ठेवून एवढ्यावर थांबणारे समीक्षक ऐकण्याचे कष्ट घेत नाहीत.

‘अलबेला’ (१९५१) हे या वाटेवरचे शिखर. ‘शोला जो भडके’ या गाण्यात बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आहेत. गाणारे स्वतः चितळकर आणि लता, पडद्यावर भगवान आणि गीता बाली. बोंगो म्हणजे गुडघ्यांत धरायचे दोन छोटे ढोल, एक चढ्या आवाजाचा, दुसरा उतरत्या. वाजतात ते बोटांच्या टोकांनी. तबला-डग्ग्याच्या मानाने त्यांत घुमारा कमी, ठणका जास्त. त्या ठणक्यावर भगवानदादांनी जे नाचून दाखवले ते आजही गणपतीच्या मिरवणुकीत दिसते. दादरच्या चाळीतला असो की कन्नड-वैजापूरचा, खांदे उडवत, पाय जागच्या जागी ठेवून नाचणारा प्रत्येक जण त्यांचा शिष्य आहे.

या गाण्यांच्या वाद्यमेळामागे गोमंतकीय वादक उभे होते आणि त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. मुंबईत आलेल्या या वादकांना म्हणूनच कोणतीही चाल कागदावर उतरवता येई. संगीतकार गुणगुणत, ते वाद्यमेळ लिहीत. आंतोनिओ झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७) त्यांपैकी एक. गाव हळदोणे. ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँगची छाप इतकी की लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री ताजमहाल हॉटेलात स्वतःचा बँड, दिवसा सी. रामचंद्रांचे साहाय्यक. ‘अलबेला’मध्ये ते आपल्या बँडसह झालरीच्या लॅटिन अमेरिकी पोशाखात पडद्यावरही दिसतात. त्यांचे पुत्र फ्रँको वाझ पुढे राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात ड्रम वाजवत. मुंबईच्या हॉटेलांत १९३० च्या दशकात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकी वादक येऊन गेले होते. फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय त्यांच्या शेजारी बसून शिकले. हिंदी चित्रपटांत बोंगो-कोंगो आणण्याचे श्रेय मात्र कावस लॉर्ड या पारशी वादकाचे. केरसी आणि बुर्जोर हे त्यांचे पुत्रही नामवंत वादक झाले. मोठ्या खर्जाच्या कोंगोला मुंबईचे वादक तुंबा म्हणतात आणि खाचांवर काठी घासून वाजवायच्या ब्राझिली वाद्याला रेसो-रेसो. ही नावे ऑर्केस्ट्रांबरोबर मराठवाड्यातल्या गणेशोत्सवाच्या मांडवांपर्यंत गेली.

मूळ प्रवाहातील मोठ्या कलावंतांची आयुष्ये थोडक्यात अशी. चानो पोसो (१९१५–१९४८) हवानातील गरीब वस्तीत वाढले. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदात कोंगो वाजवून त्यांनी जॅझला क्युबाचा ताल दिला आणि पुढच्याच वर्षी हार्लेममध्ये गोळीबारात त्यांचा बळी गेला. मातान्सासचे पेरेस प्रादो (१९१६–१९८९) यांनी मेक्सिकोत बसून मांबो जगभर नेला. त्रिनिदादमध्ये जन्मलेले एडमुंडो रॉस (१९१०–२०११) काराकासमार्गे लंडनला गेले. त्यांनी रुंबा-सांबा इंग्रज श्रोत्यांच्या दिवाणखान्यात बसवला.

गोव्यात क्रिस पेरी (१९२८–२००२) आणि गायिका लॉर्ना यांनी जॅझ आणि लॅटिन तालांवर कोकणी गाणी रचली व गायली. त्या गाण्यांवर आधारलेला बारद्रॉय बारेतो यांचा ‘नाचोंया कुंपासार’ (२०१४) हा चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना या वादकांच्या वाट्याला आलेली उपेक्षा कळते.

आता थेट आलेली वाट. जंजिऱ्याचे सिद्दी राज्यकर्ते म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. सिद्दींचे संगीत तितके ठाऊक नाही. गुजरातेतील रतनपूरच्या बावा गोर यांच्या दर्ग्यात आणि मुंबईतील सिद्दी वस्तीत धमाल किंवा गोमा हा भक्तिनृत्याचा प्रकार चालतो. मुगरमान हा उभा ढोल, नारळाच्या करवंटीचा खुळखुळा, आणि मलुंगा: धनुष्याला एक तार, खाली भोपळा, काठीने आघात. ब्राझीलचे बेरिंबाऊ हे वाद्य याच घडणीचे. बेरिंबाऊ जगाच्या व्यासपीठावर नेणारे नाना वास्कोन्सेलोस (१९४४–२०१६) हे रेसिफे शहराचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोडोना या त्रिकुटात त्यांच्याबरोबर कॉलिन वॉलकॉट हे सतार आणि तबला वाजवत. ते रविशंकर आणि अल्लारखाँ यांचे शिष्य. ब्राझीलचे भोपळ्याचे धनुष्य आणि आपला तबला यांचा मेळ त्यांनी असा घातला. मलुंगा वाजवणारे मात्र आता मोजकेच उरले आहेत. बावा गोरच्या उरुसात हे वाद्य ऐकायला मिळते. दख्खनच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी मलिक अंबराच्या लढायांइतकेच लक्ष या वादकांकडे द्यावे आणि त्यांचे वादन तातडीने ध्वनिमुद्रित करावे.