हजेरीपटाच्या पुढचं काही

आमच्या नात्यागोत्यात नर्स आणि डॉक्टर बरेच. त्यांची कुठली ना कुठली ट्रेनिंगं कायम चालू असतात, आणि शेवटी एक फॉर्म ठरलेला: 'प्रशिक्षण कसे वाटले?' जेवण चांगलं असेल तर सगळेच 'उत्तम' लिहितात! पण त्यामुळे रुग्णाचं काय भलं झालं, हे कोण मोजतं?

हा प्रश्न तसा जुनाच. १९५९ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या मांडायला सुरुवात केली: आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का, आणि शेवटी फरक पडला का. पुढे १९७९ मध्ये जोसेफ व्होली यांच्या लिखाणातून 'लॉजिक मॉडेल'ची कल्पना पुढे आली. कागदावर चौकटी काढायच्या. पैसा आणि शिक्षक, मग वर्ग, मग शिकलेली माणसं, मग बदललेलं काम आणि शेवटी रुग्णाची तब्येत. मधे बाण. दिसायला सोपं. पण प्रत्येक बाण म्हणजे एक 'जर-तर' असतो, बरं का!

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. कारण फक्त शिकवणं नव्हतं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला द्यायचं इंजेक्शन त्या बाईच्या हाताशी होतं, ती घरोघर जात होती, आणि तिच्या कामावर देखरेख होती.

आता दुसरी गोष्ट. उत्तर प्रदेशातल्या १२० प्रसूतिकेंद्रांत डॉ. अतुल गावंडे यांच्या गटाने एक मोठा प्रयोग केला. त्यांतल्या ६० केंद्रांत आठ महिने सोबत राहून कर्मचाऱ्यांना चेकलिस्ट वापरायला शिकवलं. दोन महिन्यांनी तिथे सुमारे ७३ टक्के आवश्यक गोष्टी होऊ लागल्या. इतर केंद्रांत ४२. वर्षाने आकडा ६२ वर आला, तरी पुढेच होता. पण बाळाचा मृत्यू, आईचा मृत्यू किंवा तिला गंभीर त्रास यांचं एकत्रित प्रमाण? १५.१ आणि १५.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच! २०१७ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला.

वागणं बदललं, जीव वाचले नाहीत. बाण तुटला तो नेमका शेवटच्या दोन चौकटींमधे. फॉर्म आणि हजेरीपट पाहिले असते तर हा कार्यक्रम यशस्वीच ठरला असता. मला तर ही फसलेली गोष्टच जास्त मोलाची वाटते, कारण त्यांनी शेवटची चौकटही मोजली, आणि आलेला आकडा लपवला नाही.

असो. नात्यातल्या नर्सबाई आणि डॉक्टरमंडळी, तुमच्या गेल्या ट्रेनिंगमधला कुठला बाण तुटका होता, ते जरूर कळवा.