तेर

तेर : धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील प्राचीन गाव. धाराशिव शहराच्या ईशान्येस वीस-पंचवीस किमी.वर, तेरणा नदीच्या काठी. तेरणा पुढे आग्नेयेकडे वाहत जाऊन मांजरा नदीला मिळते. गावाच्या परिसरात या नदीवर मातीचे धरण आहे. जुनी देवळे, वस्तुसंग्रहालय आणि जलाशय अशी तिन्ही ठिकाणे जवळजवळ असल्यामुळे मुक्कामी गाडी (कॅराव्हॅन) किंवा तंबू घेऊन निघणाऱ्यांसाठी मराठवाड्यात याहून जोगे गाव क्वचितच सापडेल. बहुतेक प्रवासी मात्र तुळजापूरच्या वाटेवर इथे तासभर थांबतात आणि निघून जातात. तेवढ्यात तेर पाहून होत नाही.

प्राचीन ‘तगर’ ते हेच. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात असे. चाकांवरचा लांबचा प्रवास आणि वाटेतले मुक्काम या गावाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहेत. टॉलेमीनेही तगरचा उल्लेख केला आहे. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने लावत. तगर म्हणजे तेर, हे विसाव्या शतकाच्या आरंभी पुराभिलेख-अभ्यासक फ्लीट यांनी दाखवून दिले. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकर यांनी इथे उत्खनन केले आणि त्यानंतरही उत्खनने झाली. त्यांतून सातवाहनकालीन नगराचे अवशेष व विटांचा मोठा स्तूप उजेडात आला.

त्रिविक्रम मंदिर हे तेरचे सर्वांत मोलाचे वास्तुशिल्प. मागची बाजू अर्धगोल आणि वर गजपृष्ठाकार छत असलेली ही विटांची इमारत मुळात बौद्ध चैत्यगृह होती, हे पुरातत्त्वज्ञ कझिन्स यांनी ओळखले. कार्ले, भाजे येथे जे खडकात कोरले आहे, ते इथे विटांनी उभारले आहे. अशी बांधीव चैत्यगृहे भारतात फारच थोडी शिल्लक आहेत. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे असेच दुसरे उदाहरण. इथे घाई करू नये. आधी बाहेरून फिरून मागची गोलाई पाहावी आणि मग आत जावे. विटांचेच उत्तरेश्वर मंदिरही पाहण्यासारखे असून त्याची कोरीव लाकडी चौकट संग्रहालयात ठेवली आहे.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून (जुन्या वस्तीच्या टेकाडांतून) वेचून जमवलेल्या वस्तूंवर आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी आणि पाँपेई येथे सापडलेल्या बाहुलीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती त्यात आहे. सुटीचा वार आधी विचारून घ्यावा आणि दिवसाचा पूर्वार्ध यासाठी राखावा. पाऊस पडून गेला की पांढरीच्या टेकाडांवर आजही खापरे आणि मणी उघडे पडतात. ते कोणी उचलू नयेत, आणि तिथे तंबूच्या खुंट्या तर मुळीच ठोकू नयेत.

संत गोरा कुंभार यांचे हे गाव. लोक त्यांना गोरोबाकाका म्हणतात. त्यांची समाधी तेरणेच्या काठी असून त्यांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला असते. संतांची डोकी थापटण्याने पारखून त्यांनी नामदेवांना कच्चे मडके ठरवले, तो प्रसंग परंपरेने इथलाच मानला जातो. यात्रेच्या दिवसांत दिंड्या येतात. सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, राहुट्या आणि उघड्यावरची चूल यांसह शिस्तीत मुक्काम कसा करावा, हे वारकऱ्यांकडून शिकावे. एकांत हवा असणाऱ्यांनी मात्र हे दिवस टाळावेत.

मुक्कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जिल्हा अवर्षणप्रवण असल्याने जलाशय दरवर्षी सारखा भरत नाही आणि उन्हाळ्यात पाणी दूर ओसरते. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर पिके घेतली जातात, तिथे गाडी नेणे म्हणजे कोणाचे तरी शेत तुडवणे होय. काळी माती ओली झाली की जड गाडीची चाके रुततात, म्हणून मुरमाड उंचवटाच निवडावा. धरणाची भिंत व सांडवा यांपासून दूर राहावे. सरकारी जागेसाठी जलसंपदा विभागाची, खासगी जागेसाठी शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि ग्रामपंचायतीलाही कळवावे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी इथे वीजजोडणी वा सांडपाण्याची सोय मिळेल असे गृहीत धरू नये. पिण्याचे पाणी धाराशिवलाच भरून घ्यावे, सांडपाणी जलाशयात जाऊ देऊ नये आणि कचरा परत न्यावा.

सोलापूरकडून येताना राष्ट्रीय महामार्ग ५२ ने तुळजापूरमार्गे धाराशिव गाठावे आणि तिथून तेरकडे वळावे. लातूरकडून ढोकीमार्गे येता येते. ऊस गळीताच्या हंगामात ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या रात्री बिनदिव्याच्या असू शकतात, त्यामुळे दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचणे बरे. दुसरा दिवस हाताशी असल्यास धाराशिव लेणी, तुळजापूर आणि नळदुर्गचा किल्ला जोडून पाहता येतात.