खाडी, घाट आणि कल्याण

कल्याणच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्याला, ‘हे एके काळचे नामांकित बंदर’ असे सांगितले, तर तो हसेलच. पण उल्हास नदीच्या खाडीत भरतीचे पाणी आतवर चढते आणि गलबतांना वादळापासून दूर आसरा मिळतो, हे सातवाहनकाळच्या व्यापाऱ्यांनी हेरले होते. नुसत्या पाण्याने मात्र पेठ वसत नाही. माल यायला वाट हवी. ती सह्याद्रीने दिली. जुन्नरहून नाणेघाट उतरला की कल्याणचा रस्ता लागे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे लोक अजून सांगतात. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणारे म्हणून कल्याणचे व्यापारी भेटतात.

तरीही भूगोल सर्वसमर्थ नव्हे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंद आहे, की राज्यकर्ता बदलला आणि कल्याणला लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. नदी तीच, घाट तोच. पेठेला मात्र ग्रहण लागले!

पण ग्रहण सुटतेही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि तेथील खाडीत स्वराज्याची गलबते बांधली जाऊ लागली. १८५४ मध्ये आगगाडी कल्याणला पोचली. पुढे तिथूनच तिला दोन फाटे फुटले: एक बोरघाटाने पुण्याकडे, दुसरा थळघाटाने नाशिककडे. बैलांच्या तांड्यांनी शोधलेली जागा इंजिनांनाही टाळता आली नाही.