मोरीचे माप

धरणाच्या मोरीचा दरवाजा किती मोठा ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा आणि लोहाराचा वाटतो. परंतु कोणाचे शेत भिजणार आणि कोणाचे कोरडे राहणार हे त्यावर ठरते. म्हणून तो न्यायाचाही प्रश्न आहे. हा न्याय गणितात बसवायला माणसाला फार काळ लागला. ती हकीकत आम्ही आज सांगणार आहोत.

इ. स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने फ्रॉन्टिनस यास रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी नेमले. रोममध्ये पाणी मोजीत ते नळाच्या तोंडाच्या आकारावरून. फ्रॉन्टिनसने हिशेब तपासले, तो उगमाशी भरणारे पाणी दप्तरातल्या आकड्यांहून अधिक निघाले. त्याने चोरीचा ठपका ठेवला, आणि चोरी होतीही. परंतु तोंड तेच असले तरी वेगाचे पाणी अधिक भरते, ही गोष्ट त्याच्या नजरेस येऊनही हिशेबात आली नाही. मग चोरी किती आणि मापाची चूक किती, हे त्याला कसे कळावे?

हे कोडे सोडविले गॅलिलिओच्या शिष्यपरंपरेने. त्याचा शिष्य कास्तेल्ली ह्या धर्मगुरूने १६२८ साली प्रतिपादन केले की, प्रवाह म्हणजे क्षेत्रफळ गुणिले वेग. कास्तेल्लीचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४४ साली वेगाचा नियम दिला: वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो.

एक चौरस मीटर तोंडाची, मोकळी धार सोडणारी मोरी घ्या. तोंडाच्या मध्यावर ४ मीटर पाणी असेल, तर वेग सेकंदाला सुमारे ८.९ मीटर होईल. पण बाहेर पडताना धार आक्रसते. म्हणून हिशेबाच्या सुमारे सहा-दशांश, म्हणजे ५.३ घनमीटरच पाणी धरावे. उंची १ मीटरवर उतरली, की तीच मोरी सेकंदाला २.७ घनमीटर देते. दरवाजा तसूभर हलला नाही, तरी पाणी निम्मे झाले!

म्हणून मोरीचे माप भरल्या तलावावरून नव्हे, तर उन्हाळ्यातल्या उतरल्या पाण्यावरून ठरवावे लागते. पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याला “दरवाजा तर तेवढाच उघडा आहे” असे सांगणे म्हणजे त्याला फ्रॉन्टिनसच्या मापाने पाणी देणे होय. दरवाज्याशेजारची पट्टी वाचून पाण्याची उंची सांगावी, तेव्हाच त्याला खरा हिशेब मिळेल.