पुदिन्याची काडी आणि शहराचे पाणी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मकबरे, दरवाजे आणि लढाया उभ्या राहतात. आमच्या शहरातल्या मुलांना तर तो येता-जाता रस्त्यावरच भेटतो. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, १६२६ मध्ये तिचे फतेहनगर झाले, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. ही नावे माझ्या वर्गातली मुले घडाघडा सांगतात. पण त्याच मुलांच्या घरी, जुन्या बादलीत किंवा तेलाच्या कापलेल्या डब्यात जो पुदिना वाढतो, त्यालाही इतिहास आहे असे त्यांना कुणी सांगत नाही. आपणही तो कधी लिहून ठेवला नाही.

‘पुदिना’ हा शब्द फारसीतला. अरबीत त्याला ‘नअना’ म्हणतात. मराठीने, उर्दूने आणि आमच्या घरातल्या दखनीने फारसी नावच उचलले. यावरून पुदिना बाहेरून आला, असे कुणी चटकन म्हणेल. पण वनस्पतींचा इतिहास इतका सरळ नसतो. काश्मीर आणि हिमालयाच्या पट्ट्यात रानपुदिन्याच्या जाती आपोआप उगवतात. म्हणजे नाव एका मुलखाचे आणि मुळे अनेक मुलखांत पसरलेली. ज्या हिरव्या मिरचीबरोबर आपण तो वाटतो, ती मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आलेली. पाट्यावर एकत्र आल्यावर चटणीत कोण इथले आणि कोण तिथले, हे कुणाला वेगळे करून दाखवता येईल?

अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त भाज्यांचे भाव नोंदवले आहेत. त्यात कांदा मणाला ६ दाम, पालक १६ दाम आणि पुदिना ४० दाम आहे. तेव्हा ४० दामांचा एक रुपया होत असे आणि अकबरी मण आजच्या हिशेबाने सुमारे २५ किलोचा होता. पुदिना पालकाच्या अडीच पट महाग होता. बादशहाच्या दरबाराची एवढी चर्चा करणारे आपण, हा बाजाराचा कागद मात्र क्वचितच उघडून पाहतो.

बागेची हौस हा या राजघराण्यांचा दुसरा चेहरा. बाबरने लाहोर-दिपालपूरच्या स्वारीनंतर केळीची रोपे नेऊन काबूलकडच्या बाग-ए-वफामध्ये लावली. ऊसही तिथे नेऊन लावला. ही दोन्ही पिके बियांनी वाढवत नाहीत. केळ मुनव्याने लावतात, ऊस कांड्यांनी. त्याआधी बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने अरबीत ‘किताब अल-फिलाहा’ लिहिले, त्यात कलमे आणि फांद्यांपासून रोपे करण्याचा विस्ताराने विचार आहे. आपल्याकडे सतराव्या शतकातली ‘नुस्खा दर फन्न-ए-फलाहत’ ही शेतीवरची फारसी पोथी दारा शुकोहच्या नावे ओळखली जाते. तिचे रझिया अकबर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन भावांपैकी एकाचे नाव आमच्या शहराला साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ होते. दुसऱ्याच्या नावावर शेतीची पोथी आहे, हे मात्र आमच्या शहरात फार थोड्यांना ठाऊक आहे.

पुदिनाही कांड्यांनीच वाढतो. बी लावून उगवतो, नाही असे नाही, पण पुदिन्याच्या जातींचा आपसात संकर सहज होतो आणि बियांतून मूळच्या चवीचे रोप येईलच याची खात्री नसते. म्हणून जगभर तो काडीनेच पुढे गेला. याचा अर्थ फार मोठा आहे. काडीतून उगवलेले रोप हे मूळ रोपाचे मूल नसते, तेच रोप असते. शेजारणीने दिलेल्या काडीचा पुदिना म्हणजे शेजारणीचाच पुदिना. तिला तो माहेरून मिळाला असेल, तर माहेरचाच. घराण्यांच्या सनदा हरवतात, वंशावळी विस्कटतात, पण हा हिरवा दस्तऐवज हातोहात जसाच्या तसा पोचतो. आणि तो जपला आहे बहुतेक बायकांनी. त्यांच्या नावाची एकही नोंद कुठल्या दप्तरात नाही.

ज्यांना लावायचा आहे त्यांच्यासाठी रीत सांगते, ती सोपी आहे. शहागंजच्या बाजारातून ताजी जुडी आणा. त्यातल्या फुले न आलेल्या, सरळ, सशक्त चार-पाच काड्या निवडा. काडी वीतभर असावी. पेराच्या किंचित खाली स्वच्छ कात्रीने तिरका छाट द्या, कारण मुळे पेरापाशीच लवकर फुटतात. खालची पाने काढून टाका, शेंड्याची चार-सहा ठेवा. पाण्यात पान बुडाले तर कुजते. काड्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा आणि एक-दोन दिवसांनी पाणी बदला. आठ ते पंधरा दिवसांत पांढरी मुळे दिसतात. ती दोन बोटे लांब झाली की कुंडीत लावा. निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत पुरे, मात्र कुंडीला खाली भोक हवेच. पहिला आठवडा सावली द्या. रोप धरले की शेंडे खुडत राहा, म्हणजे बाजूने फुटवे येतात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ते जोमाने वाढते. मराठवाड्याच्या मे महिन्यात मात्र दुपारचे ऊन त्याला सोसत नाही. कुंडी मुळांनी भरली की वर्ष-दीड वर्षाने नव्या काड्या लावाव्यात.

पुदिन्याला सगळ्यात जास्त लागते ते पाणी. इथे पुन्हा शहराचा इतिहास आडवा येतो. हबशाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर या कोरड्या जागी नगर वसवू शकला, कारण त्याने उत्तरेच्या डोंगरांतले पाणी जमिनीखालून शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी. पुढे बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ वेगळ्या नहरीच्या पाण्यावर १७४४ मध्ये पाणचक्की उभी राहिली. यात्रेकरू आणि विद्यार्थी यांच्यासाठी ती धान्य दळत असे. एकाच पाण्याने तहानही भागली आणि पीठही निघाले.

मी राहते ते पुंडलिकनगर या नहरींच्या वाट्याचे नाही. गारखेड्याकडची ही वस्ती जुन्या तटाच्या बाहेर, फार पुढच्या काळात वसली. आमचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या धरणापासून पाणी चाळीसहून अधिक किलोमीटर उपसून आणावे लागते. या शहराने कित्येक वर्षे आठवड्यातून एकदा येणारा नळ पाहिला आहे. अशा गावात कुंडीला पाणी घालणे हीसुद्धा हिशेबाची गोष्ट होते. आमच्या घरी वजूचे पाणी टबात धरतात आणि ते पुदिन्याला जाते. त्यात साबण नसतो, म्हणून रोपाला बाधत नाही. समोरच्या काकू तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी घालतात. तुळशीशेजारच्या त्यांच्या कुंडीतला पुदिना आणि आमच्या कठड्यावरचा पुदिना एकाच काडीचा आहे. रमजानमध्ये आमची चटणी त्यांच्याकडे जाते आणि उन्हाळ्यात त्यांचे पुदिना घातलेले पन्हे आमच्याकडे येते. यात कुणी सौहार्दाचे भाषण करत नाही.

आपल्या समाजाला मला एक सांगावेसे वाटते. मलिक अंबरचा अभिमान आपण जयंती-पुण्यतिथीला मिरवतो, पण त्याच्या नहरीचे मार्ग बुजत गेले तेव्हा आपल्यातले किती जण बोलले? पाणचक्कीवर फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना त्या पाण्याचा उगम कुठे आहे हे सांगता येईल? राजांच्या नावांवरून भांडायला सगळे तयार असतात. त्या राजांच्या काळात पाणी आणणारे, माती कालवणारे, काडी लावणारे हात कुणाचे होते, हे विचारायला कुणी येत नाही. खरे तर आपण बहुतेक जण त्याच हातांचे वारस आहोत.

म्हणून यंदा मी सातवीच्या वर्गाला इतिहासाचा एक वेगळा गृहपाठ देणार आहे. प्रत्येकाने घरात किंवा शेजारी पुदिन्याची एक काडी रुजवायची आणि वहीत चारच गोष्टी लिहायच्या : काडी कुणी दिली, त्यांना ती कुठून मिळाली, त्या घरात पूर्वी पाणी कुठून येत असे आणि ते कोण भरत असे. उत्तरे नानी, दादी, शेजारची आजी यांना विचारूनच लिहायची. पुस्तकात ती सापडणार नाहीत.