नोंदी शत्रूच्या हाताबाहेर : सिसलॉगचा इतिहास

१/ ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आढळला. तो शोधण्याचे काम खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे आले आणि त्यामागे एक घुसखोर निघाला.

२/ घुसखोराने यंत्राचे सर्वाधिकार मिळवले होते. म्हणजे यंत्रातील नोंदी आता त्याच्याच ताब्यात होत्या. म्हणून स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या पन्नास टेलिफोन वाहिन्यांना मुद्रकयंत्रे व टर्मिनले जोडली. कागदावर उमटलेली अक्षरे घुसखोराला पुसता येणार नव्हती.

३/ हेच तत्त्व यंत्रांच्या नित्यव्यवहारात आणणारे साधन त्याच गावी, कॅलिफोर्निया विद्यापीठात घडले होते. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल' या टपालप्रणालीसाठी 'सिसलॉग' लिहिले. पुढे इतर प्रणालींनीही ते स्वीकारले.

४/ सिसलॉगने प्रत्येक नोंदीवर दोन शिक्के मारले : नोंद कोणत्या खात्याची (टपाल, प्रवेशतपासणी, कर्नल इत्यादी) आणि ती किती गंभीर. गांभीर्याच्या पायऱ्या आठ. ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे किरकोळ तपशील.

५/ वाटणीचा नियम एका ओळीत मावे. डावीकडे खाते व गांभीर्य, उजवीकडे मुक्काम. मुक्कामाआधी @ असेल, तर नोंद जाळ्यावरील दुसऱ्या यंत्राकडे रवाना होई. टपालाच्या नोंदी एका यंत्राकडे, प्रवेशाच्या दुसऱ्याकडे, अशी विभागणी त्यामुळे शक्य झाली.

६/ परंतु हा जासूद भरवशाचा नव्हता. यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून जाणाऱ्या नोंदीची पोच मिळत नसे. वाटेत ती हरवली तरी पाठवणाऱ्याला कळत नसे. मजकूर उघडा असे आणि प्रेषकाची खात्रीही नसे. २००१ च्या 'आरएफसी ३१६४' ने ही रूढ पद्धत प्रथम लेखनिविष्ट केली.

७/ दुरुस्ती टप्प्याटप्प्याने झाली. १९९८ मध्ये 'सिसलॉग-एनजी' आणि २००४ मध्ये 'आरसिसलॉग' हे प्रकल्प सुरू झाले. त्यांच्यामुळे मजकूर पाहून वाटणी करणे, टीसीपीने पाठवणे आणि दूरचे यंत्र बंद असल्यास नोंदी डिस्कवर राखून ठेवणे शक्य झाले. २००९ मध्ये 'आरएफसी ५४२४' ने नवे प्रमाण दिले. सोबतच्या 'आरएफसी ५४२५' ने सांकेतिक वाहतुकीची रीत ठरवली.

८/ तरीही मर्यादा उरतेच. यंत्र घुसखोराच्या ताब्यात गेल्यावर ते दूरच्या दप्तरी खोट्या नोंदीही धाडू शकते. मात्र ताबा जाण्यापूर्वी तिथे पोहोचलेली नोंद, ते दप्तर सुरक्षित असेतो, अस्सल राहते. म्हणून साधनचिकित्सेचा जुना प्रश्न इथेही पहिला ठरतो : नोंद लिहिली गेली, तेव्हा लेखणी कोणाच्या हाती होती?