अवजाराची पारख : वेबच्या तीस वर्षांचा धडा

वऱ्हाडातील कास्तकाराला कापसाच्या यंत्रांची ओळख करून देण्याचे कारण नाही. तरी आजच्या विषयाची वाट त्या यंत्रांवरूनच जाते, म्हणून आरंभ तेथून करतो. अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९३ साली दात्यांचे जिन तयार केले. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून दहा जाणकार मळेवाले हिंदुस्थानात आणले आणि करवती जिनचे प्रयोग येथे सुरू झाले. धारवाडकडे अमेरिकन जातीचा कापूस रुजला, तेथे ते जिन चालले. आपल्या देशी कापसाचा धागा मात्र आखूड. तो दात्यांत तुटू लागला. पुढे अकोला, अमरावती, खामगाव या भागांत जिनिंगचे कारखाने उभे राहिले, ते मुख्यतः रुळांच्या जिनवर. करवती जिन वेगवान होते यात शंका नाही, परंतु आपल्या धाग्याला ते मानवले नाही.

अवजाराचा वेग पाहायचा की आपला माल पाहायचा, हाच प्रश्न गेल्या तीस वर्षांत एका अगदी निराळ्या धंद्यात उभा राहिला. तो धंदा म्हणजे वेबवरची कामकाजाची पाने तयार करण्याचा. आज सातबारा, निविदा, परीक्षेचा अर्ज, शाळेतला धडा हे सारे या पानांवरून आपल्यापर्यंत येते. तेव्हा ती कोणत्या अवजारांनी घडतात हे आपणांसही ठाऊक असलेले बरे.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वेबची योजना मांडली. १९९३ साली सर्नने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. पान लिहिण्याची तिची भाषा म्हणजे एचटीएमएल. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या वेळचे पान छापील पुस्तकासारखे होते. एक आकडा बदलायचा तर सबंध पान दुरून पुन्हा मागवावे लागे. चित्र हलावे, आकडा भरताच बेरीज तेथल्या तेथे दिसावी, अशी सोय साध्या एचटीएमएलमध्ये नव्हती.

ही उणीव भरून काढण्यास कंपन्या पुढे आल्या. १९९५ साली सन कंपनीची जावा आली. १९९६ च्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने एक छोटे अवजार विकत घेऊन त्यास फ्लॅश हे नाव दिले. याच कंपनीने २००२ साली अशा हलत्याबोलत्या पानांसाठी ‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ हे नाव रूढ केले आणि २००४ मध्ये ती बांधण्यासाठी फ्लेक्स बाजारात आणले. २००५ साली ही कंपनीच अडोबीने घेतली. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिल्व्हरलाइट काढले. ही सारी अवजारे चालण्यासाठी वाचणाऱ्याच्या संगणकावर एक जोडभाग बसवावा लागे. त्याला प्लग-इन म्हणतात.

त्या काळी ज्यांनी फ्लॅश निवडले त्यांस आज कोणी हसू नये. मराठीपुरते बोलायचे तर फ्लॅशने एक मोठी अडचण दूर केली होती. तेव्हा मराठी संकेतस्थळे आपापले निरनिराळे फॉन्ट वापरीत, आणि तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला की पानावर नुसती अगम्य चिन्हे उमटत. फ्लॅशमध्ये अक्षरांचे आकार फायलीतच बांधून पाठवता येत. त्यामुळे धडा कोठेही उघडा, अक्षर शाबूत. शाळांसाठीचे कितीतरी हलते धडे याच कारणाने फ्लॅशमध्ये तयार झाले.

आता बघा, पुढे काय घडले. २००७ साली आयफोन आला आणि त्यावर फ्लॅशला जागा मिळाली नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून त्याची कारणे सांगितली : बॅटरी लवकर संपते, सुरक्षितता कमी, आणि अवजाराची मालकी एकाच कंपनीकडे. दीड वर्षाने अडोबीने मोबाइलवरील फ्लॅशचे काम थांबवले. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार सर्वत्रच संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणेही बंद झाले. सिल्व्हरलाइट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. जावाचे जोडभाग क्रोम ब्राऊझरने २०१५ मध्येच नाकारले होते. अनेक ई-निविदा स्थळांवर डिजिटल सहीसाठी जावा लागत असे. तेथे निविदा भरणाऱ्यांना केवळ त्या कामासाठी जुना ब्राऊझर जपून ठेवण्याची वेळ आली.

मग टिकले कोण? तेच साधे, सर्वांच्या मालकीचे एचटीएमएल. १९९५ साली ब्रेंडन आइक याने अवघ्या दहा दिवसांत ज्या जावास्क्रिप्टचा आराखडा केला, तिला प्रारंभी फारसे कोणी मोजले नाही. पण २००४ सालचे जीमेल आणि २००५ सालचे गुगल मॅप्स यांनी दाखवून दिले की तिच्या बळावर, सबंध पान पुन्हा न मागवता, जोडभागाशिवाय काम होऊ शकते. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएलची पाचवी आवृत्ती प्रमाण म्हणून मान्य झाली आणि चित्रे, ध्वनी, चलच्चित्रे यांची सोय भाषेतच झाली. अक्षरांचा प्रश्नही अशाच सामाईक मार्गाने सुटला. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. संगणक आणि ब्राऊझर तिला अनुकूल होत गेले तसतशी फॉन्टची ती जुनी कटकट मागे पडली.

शिक्षकांनी एक उदाहरण ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ पासून ‘फेट’ नावाचे विज्ञानाचे हलते प्रयोग तयार केले. ते आरंभी जावा आणि फ्लॅशमध्ये होते. वारे फिरताना पाहून विद्यापीठाने त्यांतले पुष्कळ प्रयोग एचटीएमएलमध्ये पुन्हा बांधले. आज ते साध्या मोबाइलवर, मराठी भाषेतही चालतात. हे काम मेहनतीचे आणि खर्चाचे होते. ज्यांच्याजवळ माणसे व पैसा नव्हता, त्यांचे धडे मात्र तबकड्यांतच अडकून राहिले. धडा लिहिणाऱ्या शिक्षकाची मेहनत काही जुनी झाली नव्हती, जुने झाले ते अवजार.

खुले अवजार घेतले म्हणजे चिंता मिटली असेही समजू नये. गुगलने २०१० साली दिलेले अँग्युलरजेएस खुले होते. त्याची २०१६ ची नवी पिढी जुन्याशी जुळली नाही, आणि २०२१ च्या अखेरीस जुन्याचा आधार संपला. फरक एवढाच की खाली जमीन एचटीएमएलची आणि जावास्क्रिप्टची होती. त्यामुळे जुनी पाने एका दिवसात बंद पडली नाहीत. दुरुस्तीला सवड मिळाली.

श्रोतेहो, आज बडनेरा, अमरावती, अकोला, शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आपलीच मुले ही विद्या शिकत आहेत. गावची पतसंस्था, बाजार समिती किंवा शाळा असे काम कोणास सोपवील, तेव्हा तिने करार करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. हे आमच्या लोकांच्या साध्या मोबाइलवर, कमी रेंजमध्ये चालेल काय? बनवणारी कंपनी उद्या उठून गेली तर दुसरा कारागीर ते दुरुस्त करू शकेल काय? आणि आमच्या नोंदी, आमचे धडे आम्हांला सर्वमान्य स्वरूपात परत काढून घेता येतील काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर अवजाराचे नाव कोणतेही असो. एका जरी प्रश्नाला आडवळणाचे उत्तर आले, तर कितीही झगमगते पान दाखवले तरी सही करण्याची घाई करू नये.